रिकामं अंगण

मंगळवार, जानेवारी. दिवेलागणीला.

माझ्या लेकीचा, ईराचा उजवा पाय. महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. चालायला लागल्यापासून त्या पायाची बोटं बाहेरच वळतात. मी मोबाइलवर बघून कडक बूट मागवले आणि दिवसभर तिच्या पायांत घालून ठेवले. आधी कोणाला विचारलं का नाही?

आज सकाळी तिला म्हसळ्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कंबर, गुडघे, घोटे वळवून पाहिले, तिला चालवलं. म्हणाले, "पाय छान आहेत. तोल सांभाळायला पुष्कळ मुलं अशी पावलं टाकतात. सहा महिन्यांनी परत दाखवा. बूट काढा, अनवाणी चालू दे जमिनीवर." इतकं हलकं वाटलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

पण जमीन कुठली? अंगणभर सुपारी वाळत घातलेली, पाऊल ठेवायला जागा नाही. घरी आल्यावर सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "आबा, डॉक्टर अनवाणी चालवा म्हणाले." सुपारीचं मी काही बोलले नाही. ऐन हंगामात कसं बोलणार?

दुपारी जरा डोळा लागला. उठले तर अंगण झाडलेलं, रिकामं. सगळी सुपारी आबांनी टोपल्या भरभरून गच्चीवर नेलेली, तो दुखरा गुडघा घेऊन. आणि ईरा अंगणभर फिरत होती, उजवा पाय तसाच बाहेर.

"वर ऊन चांगलं लागतं," आबा म्हणाले.

गच्चीवर दोननंतर माडांची सावली येते. लग्न होऊन आले तेव्हा हे मला त्यांनीच सांगितलं होतं.