आधीचा शेरा झाकून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तेचाळीस, शिक्षण पदवीपर्यंत, नोकरी कापड कारखान्याच्या तपासणी खात्यात, अविवाहित, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी थोरली बहीण म्हणाली, "कधी आली ठिकाणावर? मला कळवायचंस तरी."

वकीलबाईंनी मला दीड पानाचा नमुना दिला होता. माझं तिसरं पान बघून त्या म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्रात गप्पा मारत नाहीत." कायद्याने मनाई आहे का, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "मनाई नाही. पण तशी पद्धत नाही." तेव्हा गप्पा राहू देत आहे. हे माझं पहिलंच मृत्युपत्र आहे. यातलं एक कलम मी आधी लिहून नंतर रद्द केलं आहे, पण खोडलेलं नाही. आमच्या खात्यात कापडातला दोष सापडला तर तो कापून टाकत नाहीत, काठाला रंगीत दोरा बांधून खूण करतात. घेणाऱ्याला कळलं पाहिजे, इथे काय झालं होतं.

कलम १. आजाराबद्दल.

माझ्यामागे ही हकिगत चार तोंडांतून चार तऱ्हांनी सांगितली जाऊ नये, म्हणून इथे नोंदवते. काही वर्षांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी केली. रिपोर्टमध्ये आक्षेपार्ह काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही जणींचे स्तन दाट असतात, हाताला असं लागतं. मला हायसं वाटलं, पण बोट पुन्हापुन्हा तिथेच जाई. म्हणून दोनेक महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. सोबत ताई होती.

ताई म्हणजे वर उल्लेखलेली थोरली बहीण. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याचं तोंड एकाच दिशेला असतं. माझे कागद तिने फाइलमध्ये नीट लावले होते, चांगला रिपोर्ट सगळ्यांत वर. मी तोंड उघडायच्या आत ती डॉक्टरांना म्हणाली, "तसं काही नाहीये हो. रिपोर्ट छान आलाय. हिच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून आलोय." डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग फिल्म उजेडात धरली आणि "बरोबर आहे" म्हणाले.

त्या समाधानात दीड वर्ष गेलं. मग कारखान्यात आरोग्य तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद मागितलेच नाहीत, आधी हात लावला. हात गार होते. "हे कधीपासून आहे?" असं विचारतानाच्या त्यांच्या आवाजावरून मला कळलं. त्यांच्याच दवाखान्यात बायोप्सी झाली, स्तन काढला, औषधं झाली. तोवर आजार काखेत पोचला होता, पुढे हाडांतही गेला. सध्या गोळ्यांनी तो गप्प आहे. एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखे आम्ही राहतो, एकमेकांच्या खोलीत जात नाही. मी अर्धा दिवस कामावर जाते, जिने चढते, रात्री झोप लागते. माझी तक्रार फारशी नाही, आणि हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

कलम २. खात्यातल्या एका नियमाबद्दल.

हा नियम माझ्या मालकीचा नाही, पण पुढचं समजायला लागेल. आमच्याकडे कापड काचेच्या टेबलावरून सरकतं, खालून दिवा असतो. रंगीत कापडातला दोष कुणालाही दिसतो. सगळ्यांत अवघड म्हणजे घट्ट विणीच्या पांढऱ्या कापडात घुसलेला पांढरा धागा. दाट स्तनाच्या फिल्मचंही तेच आहे. दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी. म्हणून महत्त्वाचा तागा दोघी तपासतात. पहिलीचा शेरा घडी घालून, टाचणी लावून ठेवतात आणि दुसरी तो न बघता बसते. "काही नाही" असं आधी वाचलं, की डोळ्याला काही नाहीच दिसतं. परत आलेल्या मालातून आम्ही हे शिकलो.

वीस वर्षं हा नियम मी नव्या मुलींना शिकवला. दवाखान्यात तो का आठवला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तिथे मी तपासनीस नव्हते, तागा होते.

कलम ३. रागाची वाटणी.

पहिल्या डॉक्टरांवरचा राग वापरून संपला आहे. पांढऱ्यावरचं पांढरं त्यांना दिसलं नाही. ते नजरेतून फार सुटतं, मला माहीत आहे.

दुसऱ्या डॉक्टरांच्या रुग्णालयात आम्ही दोघी निदानानंतर पुन्हा गेलो होतो. ताईने घरी भांडण तोंडपाठ केलं होतं. त्यांनी जुनी फिल्म दिव्यावर लावून नीट पाहिली. मग म्हणाले, "आता दिसतंय. तेव्हा मी आधी वाचलं आणि मग पाहिलं." ताई फाइल उचलून उठली. सबब न सांगता "मी" म्हणणारा माणूस मला तोवर त्या इमारतीत भेटला नव्हता, म्हणून त्यांच्यावरचा राग मी सोडते. हे सोडणं पूर्ण आहे का, हे मला रोज वेगळं वाटतं. आज लिहिताना पूर्ण आहे.

त्या रुग्णालयाच्या कचेरीला मी लिहिलं, की दुसऱ्या तपासणीला पहिला शेरा झाकून ठेवत जा, खर्च काही नाही, एक टाचणी लागते. "आपल्या सूचनेचा विचार करण्यात येईल" असं उत्तर आलं. हा राग मात्र मी कुणाला देत नाही. सोबत घेऊन जाणार आहे.

कलम ४. ताईबद्दल.

निदान झाल्यावर डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "तुम्ही सख्ख्या बहीण आहात. तुमची तपासणी झालीच पाहिजे, तीही दर वर्षी." ताईने मान डोलावली आणि गेली नाही. मी विचारलं, की तिची सबब तयार: आज पाय दुखतोय, उद्या पाहुणे येणार आहेत. शेवटी एकदा भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "फाइल कुणी लावली होती? मी. बडबड कुणी केली होती? मी. तुझं असं करून मी आपली खुशाल तपासून घेऊ? जे व्हायचं ते होऊ दे माझं."

"म्हणजे मला बरं वाटेल, असं वाटतं का तुला?"

"तुला बरं वाटायचा प्रश्नच नाही. तू गप्प बस."

यावर मी गप्प बसले, कारण ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि तिच्या हातात सुरी होती. पण माझ्या जिवाला त्या दिवसापासून एकच घोर लागला. माझं जे आहे ते मी ओळखते. तिचं काय आहे ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

कलम ५. (रद्द.)

"तिसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर मी ताईला देते, मात्र माझ्या मृत्यूपूर्वी तिने तपासणी करून घेतलेली असली पाहिजे. न घेतल्यास घर तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, मिळेल."

हे लिहून मी स्वतःवर खूश होते. ताई आणि भाची अजून भाड्याच्या घरात राहतात, घराची गरज आहे. भाचीला वाचून दाखवलं. ती पंचविशीची आहे, नकाशे काढायच्या कचेरीत काम करते आणि चूक चटकन पकडते.

"मावशी, आईला जर कळलं ना, की न गेल्याने घर मला मिळतंय, तर ती दवाखान्याच्या रस्त्यानेसुद्धा जाणार नाही. वर सगळ्यांना सांगेल, मुलीचं कल्याण केलं."

खरं होतं. ताईला मी घराची लाच द्यायला निघाले होते आणि तिला हवी होती शिक्षा. शिवाय रात्रभर आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. माझ्यामागे हा कागद वाचला जाईल तेव्हा अट घालणारी मी नसेन, नुसती अट असेल. बहिणीला असं काही मागे ठेवून जाऊ नये. म्हणून कलम रद्द. शेजारी सही केली आहे.

कलम ६. घर.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यातल्या सामानासह, मी ताईला देते. अट नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. भाचीचीही तपासणी ठरली होती, आमच्या घरातली म्हणून. तिने ती परस्पर रद्द केली आणि आईला जेवताना सांगितलं. मी तिथे होते.

"का गं रद्द केलीस?" ताईने विचारलं.

"तू जाशील तेव्हा मी जाईन."

"हा काय चावटपणा? तुझं वय काय, माझं काय!"

"तुला शिक्षा करून घ्यायची आहे ना? घे. मी तुझीच मुलगी. अर्धी माझ्या वाट्याला येणारच."

ताईने ताट सरकवलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तू शिकवलंस हिला." मी खरंच शिकवलं नव्हतं, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आठवडाभर मायलेकी एकमेकींशी "मीठ दे" एवढंच बोलत होत्या. मग ताईने मला फोन केला. "बुधवारी कामावर जाऊ नकोस. आणि एक शब्द बोलायचा नाही वाटेत." मी एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंना मात्र आधी भेटून सांगितलं होतं, की फिल्म दोन जणांनी बघावी आणि दुसऱ्याला पहिल्याचं मत कळू नये. त्या हसल्या. "तुमच्या कारखान्याचा नियम?" "हो." "चांगला आहे. करू." आणि केलं. भाचीलाही त्याच दिवशी तपासलं.

कलम ७. बाकीच्या वस्तू.

(अ) माझी बचत भाचीला. तिने ती शहाण्यासारखी खर्च करावी अशी इच्छा आहे. थोडी वेड्यासारखी केली तरी चालेल.

(आ) धागे मोजायचं भिंग, चिमटा आणि वाकडी कात्री माझ्या टेबलावरच्या जोडीदारणीला, जिला सगळं खातं घार म्हणतं. ती भिंगाला तेलकट बोटं लावते. लावू दे आता.

(इ) गॅलरीतली झाडं वरच्या मजल्यावरच्या बाईंना. गेली दहा वर्षं त्यांच्या न पिळलेल्या कपड्यांचं पाणी त्यांवर गळतं आहे, म्हणजे वाढवली त्यांनीच. दोनदा भांडूनही फरक पडला नाही, तेव्हा हक्क मान्य करते.

(ई) माझ्या रोजनिश्या ताईने वाचू नयेत. वाचणारच असली तर मधलं एखादं वर्ष उघडून स्वतःचं नाव शोधत बसू नये. सुरुवातीपासून वाचाव्यात. मग तिला दिसेल, की फाइलबद्दल मी तिच्यावर एका ओळीतही रागावलेली नाही. चिडले आहे ती डब्यांबद्दल.

कलम ८. शेवटचं.

त्या बुधवारच्या फिल्म दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या पाहिल्या आणि दोघांचं मत एकच आलं. भाचीचं ठीक. ताईचंही स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी हातानेही तपासलं. बाहेर येऊन ताई जिन्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. तिने हळूच विचारलं, "खरं असेल का गं? तुलाही असंच सांगितलं होतं."

या प्रश्नाला मी इतकी वर्षं उत्तर शोधते आहे. नीट पाहिलेल्या कापडातही दोष राहतो. पण कुणाचंच खरं मानायचं नाही म्हटलं, तर ताई पुन्हा घरी जाऊन बसणार. मी तिच्या शेजारी बसले आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. "आजच्यापुरतं खरं आहे. पुढच्या वर्षी परत विचारायचं. मध्ये बोटाला काही वेगळं लागलं तर वर्षभर थांबायचं नाही, रिपोर्ट काही म्हणो."

"आणि पुढच्या वर्षी तू..." एवढं बोलून ती थांबली.

म्हणून हे कलम. दर वर्षी ताईसोबत तपासणीला जायचं काम मी भाचीकडे सोपवते. मी असेन तोवर मीही जाईन, नंतर ते तिचं एकटीचं. भाचीने हे वाचून मान्य केलं आहे. म्हणाली, "मावशी, घरापेक्षा हे जड आहे."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. लाभार्थीला साक्षीदार होता येत नाही हे त्यांनी सांगितल्यावर ताई रागावली. तिच्या मते माझ्याबद्दल साक्ष देण्याचा पहिला हक्क तिचा आहे. तसा तो आहे.

सही करण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवते. त्या दिवशी पायरीवरून उठून ताई पुन्हा आत गेली. काही विसरलं असेल म्हणून मी खाली थांबले. ती नावनोंदणीच्या खिडकीशी जाऊन पुढच्या वर्षीच्या तपासणीची वेळ घेऊन आली, मला न विचारता, लागोपाठच्या दोन वेळा. एक स्वतःच्या नावावर आणि एक माझ्या. मी ती रद्द केलेली नाही. जायचा विचार आहे.

स्थळ: माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
दिनांक: बुधवारनंतरचा रविवार, सकाळ

लिहिणारीची सही: (सही)

आमच्या दोघांच्या समोर, हसतखेळत आणि पूर्ण शुद्धीत, लिहिणारीने सही केली. आम्हीही तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

साक्षीदार १: तळमजल्यावरच्या औषध दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार २: शेजारच्या दारातले निवृत्त मास्तर (सही)