मालकांची काळी शेवरलेट

मैलूर, बीदर
२२ ऑगस्ट १९९९

चि. प्रेरणास,
अण्णाचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, तसा कुरकुरतो आहे. तुझी वहिनी मात्र माझ्याशी चार दिवस बोललेली नाही, कारण अंगणात वाळवण घालायच्या जागेवर एक मोटार येऊन बसली आहे. हसू नकोस. जनवाड्याच्या मालकांची काळी शेवरलेट! जिच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो, जिच्यावर अप्पा ड्रायव्हर होते, तीच.

मालकांचा नातू हैदराबादला असतो. मळ्यातला गोठा पाडायला आला, तर कडब्याच्या ढिगाखाली ही निघाली. भंगारवाल्याला देणार होता. मी सुट्टीच्या दिवशी जुनी यंत्रं उघडत बसतो हे त्याला कुणीतरी सांगितलं, आणि मी ट्रॅक्टरला बांधून तिला घरी ओढून आणली. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कोंबडीनं अंडी घातली होती.

पण प्रेरणा, इंजिनाचं झाकण उघडलं आणि मी थक्क झालो. डेपोत रोज बसगाड्यांची इंजिनं उघडतो मी, मला काय नवल? तरी अर्धा तास नुसता बघत बसलो. साठ वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे कुणी हे ओतलं असेल, आणि आतला नट न् नट अजून आपापल्या जागी घट्ट. अप्पांना बोलावलं. त्यांनी डोकावूनही बघितलं नाही. हात खाली घातला आणि म्हणाले, हितं तेल सोडायचा नट हाय, त्याची एक कड झिजलेली हाय. आणि तशीच निघाली! त्यांच्या बोटांना चाळीस वर्षांनी ती कड आठवते.

अडचण एकच. समोरचा मीटरचा पत्रा, म्हणजे डॅशबोर्ड, कुणीतरी कधीच उचकटून नेलाय. तो इकडे मिळायचा नाही. तू त्या गाडीच्याच मुलखात आहेस. एकोणचाळीस सालचं मॉडेल. बघशील?

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझा,
नागेश अण्णा

---

लान्सिंग, मिशिगन
३ ऑक्टोबर १९९९

ती. अण्णास,
धाकट्या प्रेरणाचा सविनय जयभीम. आई-अप्पांना नमस्कार, वहिनीला माझी सहानुभूती.

इथे एका मैदानात जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार भरतो. आपल्याकडे जनावरांचा भरतो तसाच समज. लोक दात बघावेत तसे गिअर बघतात. मी ऑफिसच्या मैत्रिणीला घेऊन गेले. दोन तास फिरले. सगळे मला मदत करायला धावत होते, कारण त्या अख्ख्या मैदानात माझ्यासारखी मीच एकटी होते.

शेवटी एका म्हातारबांकडे तो पत्रा सापडला. ऐंशीच्या पुढचे असतील. तरुणपणी ते याच गाड्यांच्या कारखान्यात दारं बसवायला होते. तू पाठवलेला आपल्या गाडीचा फोटो मी दाखवला. अण्णा, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी असू शकेल, आणि ती इतक्या लांब, कडब्याखाली जिवंत आहे, यावर त्यांचा विश्वासच बसेना. हिला कुणी सांभाळलं असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझे वडील ती चालवायचे. माझा आवाज जरा चढलाच असेल. ते म्हणाले, वडिलांना माझा नमस्कार सांग.

त्या पत्र्याचा फोटो सोबत पाठवते आहे. अप्पांना दाखव. ते हो म्हणाले की पाठवते. तुझ्या आणि माझ्या अकलेवर मी काही मागवणार नाही.

आठवण ठेवत जा. इतकंच मागणं.
तुझी,
प्रेरणा

---

मैलूर, बीदर
७ नोव्हेंबर १९९९

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

अप्पांनी फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, व्हय, अशीच होती. तेव्हा बिनधास्त पाठव.

हुमनाबाद रोडवरच्या लेथवाल्या उस्तादांनी पिस्टनच्या रिंगा स्वतः करून दिल्या. सरकारी नोकरी करत असते तर केव्हाच रिटायर झाले असते, पण हात केसाएवढाही हलत नाही. अप्पा शेजारी उभे राहून सांगत होते आणि उस्ताद मान डोलावत होते. दोन म्हातारे आणि एक लोखंडाचा तुकडा, यापुढे मला जगात दुसरं काही बघायला नको.

एक गंमत सांगतो. गादीवाला सीटचं माप घ्यायला आला. कापड कसलं होतं, शिवण कशी होती, असं त्यानं अप्पांना विचारलं. इंजिनातला स्क्रू न् स्क्रू सांगणारे अप्पा बाजारात काम आहे म्हणत चपला घालून निघून गेले. म्हातारपण, दुसरं काय.

आता खरी बातमी. येत्या १४ एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, अप्पा ही गाडी मैलूरपासून जनवाड्यापर्यंत चालवत नेणार. मी विहाराच्या बैठकीत जाहीरच करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी खाली मान घातली. लाजले असतील.

खुशाली कळव, आणि माया करत राहा.
नागेश अण्णा

---

मैलूर, बीदर
२० फेब्रुवारी २०००

चि. प्रेरणास,
आशीर्वाद व जयभीम.

पार्सल मिळालं. सगळी गल्ली बघायला जमली. आणि बाई, तू आमची पुरती फजिती केलीस! मीटर डाव्या हाताला, सामानाचा कप्पा उजव्या हाताला. तुमच्या अमेरिकेत गाडी डावीकडे बसून चालवतात, आणि मालकांची गाडी इकडच्यासाठी उजव्या स्टिअरिंगची. दोष तुला कशाला देऊ? मीही फोटो बघितला होता. पण अप्पा व्हय म्हणाले, तिथे माझी नजर आपोआप बंद झाली. उस्तादांनी पत्रा मधोमध कापून, दोन्ही बाजू फिरवून असा जोडला आहे की शिवण सापडत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी ती गाडी चालवली, त्यांना मीटर कुठल्या हाताला होते हे कळू नये?

गेल्या रविवारी इंजिन सुरू झालं. डेपोतून बॅटरी आणून लावली होती. एकदा खोकलं, धूर सोडला आणि मग असं एका लयीत चालू लागलं की आई पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मी तर ओरडलोच. अप्पा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. रोज नवीन खोड काढतात. आज ब्रेक नीट नाहीत, उद्या चाकाचा आवाज येतोय. मी सगळं दुरुस्त करतो, तर म्हणतात, कामून घाई करायलास, यंदा राहू दे. अगं, सगळ्या मैलूरला सांगून बसलोय मी! जेवणही कमी झालंय त्यांचं. तुला काही सुचतंय का?

वाट बघतो. दूर असलीस तरी घरातलीच राहा.
नागेश अण्णा

---

लान्सिंग, मिशिगन
१२ मार्च २०००

ती. अण्णास,
सविनय जयभीम.

हे पत्र मुद्दाम डेपोच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस. फोनवर बोलता आलं नसतं, कारण शेजाऱ्यांच्या फोनवर माझा आवाज आला की अप्पा जवळ येऊन बसतात.

काल मात्र ते बाजारात गेले होते आणि आई एकटी फोनवर आली. मी तिला मीटरचं विचारलं. ती म्हणाली, तुझ्या अप्पानं ती मोटार कधी चालवलीच न्हाई गं.

अण्णा, अप्पा ड्रायव्हर नव्हते. पहाटे विहिरीचं पाणी ओढून गाडी धुवायची, खाली आडवं पडून तेल-ग्रीस घालायचं, थंडीत इंजिन धरत नसलं की समोरून हँडल मारून सुरू करायचं. हे त्यांचं काम. इंजिन सुरू झालं की ड्रायव्हर येऊन बसायचा. आपल्या माणसानं दाराच्या आत हात घातलेला मालकांना चालत नसे. आतून गाडी ड्रायव्हरच पुसायचा. अप्पांचं वाकडं मनगट आहे ना? ते त्या हँडलनं उलटा झटका दिल्यावर मोडलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं गाडी धुतली.

मी रात्रभर रडले. दुःखानं म्हणावं तर तेवढंच नाही. बाहेरून आणि खालून, नुसत्या हातांनी, एका माणसानं अख्खी गाडी पाठ केली! मोठमोठ्या कॉलेजांत शिकलेले इंजिनिअर मी इथे रोज बघते. त्यांच्यात असा एक दाखव.

आता तू सगळ्यांसमोर त्यांच्या हातात स्टिअरिंग देणार आहेस. ते नाही म्हणू शकत नाहीत आणि हो म्हणू शकत नाहीत, म्हणून जेवत नाहीत. त्यांना विचारू नकोस, कळलंय असंही दाखवू नकोस. काहीतरी कर. तू बिघडलेलं जोडणारा माणूस आहेस.

पत्र वेळेत पोचू दे, एवढंच मनात आहे.
तुझी,
प्रेरणा

---

मैलूर, बीदर
१६ एप्रिल २०००

चि. प्रेरणाबाईस,
अप्पाचा आशीर्वाद.

हे पत्र मीच लिहायलोय. आमच्या वेळी शाळा उर्दूत होती, चौथीपर्यंत. मराठी मी तुमच्या पुस्तकांवरून शिकलो. तेव्हा अक्षराला हसू नको.

जयंती झाली. गाडीला निळ्या पताका लावल्या. सगळी गल्ली उभी. नागेशनं स्टिअरिंगवर बसून बटण दाबलं, काहीच झालं न्हाई. तो खाली उतरला आणि मोठ्यानं सगळ्यांना म्हणाला की बॅटरी बसली. म्हणाला, चालवायला काय कुणीबी चालवील, पण हिला हँडल मारून जागं करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच हाय. आणि हँडल माझ्या हातात दिलं.

बाई, बॅटरीची वायर सोडवून ठेवली होती. मला वाकल्या वाकल्या दिसली. तो माझ्याकडं बघेना.

हँडल घातलं. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला, न्हाईतर मनगट जातं. खालून वर एक हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला इंजिन धरलं. लोक ओरडले. तुझ्या मायनं वय विसरून पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात अजून त्याची थरथर हाय.

तुला खरं सांगायचंय. मी डायवर नव्हतो. तुला पहिलीत घातलं तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगायच्या आधीच तू म्हणालीस, माझे अप्पा मालकाची मोटार चालवायचे. कुणाकडून ऐकलं होतंस कोण जाणे. तू इतकी ताठ उभी होतीस की माझ्या तोंडून न्हाई हा शब्द निघाला न्हाई. मग ते तसंच राहिलं. तीस वर्षं लेकरांशी खोटं वागलो. रागावली असलीस तर तसं लिही.

मग नागेशनं दार उघडलं. तुझ्या मायला मागं बसवलं, मालकीणबाई बसायच्या तिथं. मला पुढं, त्याच्या शेजारी बस म्हणाला. मी चपला काढायलो, तर तुझी माय मागून म्हणाली, कामून काढायलाव, आपलीच हाय. मी चपलांसकट बसलो.

जनवाड्याच्या रस्त्याला लागलो. बाई, मी काय सांगू! आतून बोनेट एवढं लांब दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. रस्ता आपणहून तिच्या पोटाखाली येतो. झाडं दोन्हीकडून वाट सोडतात. मळ्याचं फाटक आलं, गेलं, मी त्याच्याकडं बघायचंसुद्धा विसरलो. ती पुढची काच मी सात वर्षं रोज पहाटे पुसली होती. बाहेरून. तिच्यातून गाव कसं दिसतं ते परवा बघितलं.

तिथल्या त्या दारं बसवणाऱ्या म्हाताऱ्याला माझा उलट नमस्कार सांग. आणि खरं सांग. म्हणावं, माझ्या बापानं तुमची गाडी चालवली न्हाई, धुतली. आणि म्हणावं, तुमचं दार अजून एका बोटानं लागतं.

जेवत जा. मी आता पोटभर जेवायलोय.
तुझा अप्पा,
बाबूलाल