तिसऱ्या रांगेतले उंदीर

वर्धा,
१४ सप्टेंबर १९५३

सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद.

इकडे मी बरा आहे. उंदीर माझ्याहून बरे आहेत, आणि नेमकी तीच तक्रार आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू नाचणगावला गेलीस ती चार दिवसांसाठी, असं मी आळीत सांगून ठेवलं आहे. उद्या-परवावर महालक्ष्म्या आल्या. आज समोरच्या वहिनींनी दारात थांबून विचारलं, यशोदाबाई अजून आल्या नाहीत का? त्यांचं ते विचारणं मला साधं वाटलं नाही. तुझ्या दादांची पाठ धरली आहे म्हणून ठोकून दिलं. हे पत्र दादांना दाखवू नकोस.

तर उंदीर. रोज डबा घेऊन प्रयोगशाळेत यायचीस, त्यामुळे तिन्ही रांगा तुला पाठ आहेत. पहिलीला हातसडीचा तांदूळ, दुसरीला वरण-भाजीसकट पुरतं जेवण, तिसरीला गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणि पाणी. आषाढापासून तिसरी रांग एवढ्यावरच आहे. एव्हाना त्यांचे केस झडायला हवेत, पाय लटपटायला हवेत. ते दाखवूनच तर लोकांना हातसडीचं पटवायचं. आणि हे बेटे गुबगुबीत! आमचे मुख्य मोतीलालजी, त्यांनी एकेकाला उचलून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही.

कोणीतरी चोरून खाऊ घालतं हे उघड आहे. आधी मला गिरणीवाल्यांचा संशय होता. तो चंद्रभान तांदूळवाला हल्ली आमच्या कुंपणाला सायकल टेकवून विडी ओढत असतो. माणूस विडी ओढायला इतक्या लांब येतो होय? पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या रांगेच्या पिंजऱ्यांतल्या गवतात पुरणपोळीचे तुकडे सापडले, आणि चंद्रभान सुटला. पुरणपोळी म्हणजे आतलाच माणूस.

तेलघाणीचा बैल आणि उंदरांचे पिंजरे दोन्ही सांभाळणारा आमचा सोनबा पोळ्याच्या आधी सगळ्यांदेखत बोलला होता, "बैलाले पोया हाय, पुरन हाय. हे बी तं कामच करून राह्यले. यायले काऊन नाई?" आम्ही सगळे हसलो. तूही तेव्हा डबा घेऊन उभी होतीस. तू हसली नव्हतीस, हे आत्ता लिहिताना आठवलं.

सोनबाचं बोलणं मी मोतीलालजींच्या कानावर घातलं. त्याला कामावरून थांबवलं आहे. कायमचं काढायचं का ते दसऱ्यानंतर ठरेल. काढलं तर आवारातली खोलीही जाईल. वाईट वाटतं, पण प्रयोग तो प्रयोग.

महालक्ष्म्यांना आलीस तर बरं दिसेल.

बंडोपंत


वर्धा,
३० सप्टेंबर १९५३

सौ. यशोदेस आशीर्वाद.

उत्तर नाही. पोस्टमन रूपराव पत्रं दाबून ठेवतो असा मला दाट संशय होता. आज त्याला ओसरीवर बसवून त्याची थैली उपसायला लावली. त्यात माझ्या नावाचं काही नव्हतं. आता तो माझ्याशी बोलत नाही.

महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. मी एकटा माणूस काय करणार! नुसत्या हळदीकुंकवाच्या दोन टिकल्या ठेवून नमस्कार केला. समोरच्या वहिनींनी नैवेद्याचं ताट पाठवलं, तर ताटाआड काही चौकशी असेल या संशयाने मी ते अर्धा तास झाकून ठेवलं. मग खाल्लं.

तिसरी रांग उतरली. सोनबा गेल्यापासून वजनं घटत चालली आहेत, पाठीवरचे केस विरळ झाले, दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून पडून असतात. पाण्याच्या नळीपर्यंत यायलाही कंटाळतात. मोतीलालजी खुशीत आहेत. "देखा बंडोपंत, चोर गया और नतीजा आ गया." मीही मान हलवली. सोनबा थांबला त्याच दिवसापासून आवारात आणखी एका माणसाचं येणं बंद झालं आहे, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी ते बोलून दाखवलं नाही.

तू निघताना दारातून म्हणालीस, "सोनबानं नाई देल्लं. मले माहीत हाय." रागावलीस की तुझी माहेरची बोली येते. त्यावर कोणाही शहाण्या माणसाने विचारलं असतं, कसं माहीत? मी काय म्हटलं तर बायकांनी प्रयोगशाळेत नाक खुपसू नये. मग तू पिशवी उचललीस.

आणखी एक. तू एकदा विचारलं होतंस, एकेका उंदराला असं एकटं काऊन ठेवता? मी ऐटीत सांगितलं, वेगळं ठेवलं नाही तर कोणी किती खाल्लं ते कळत नाही. तेव्हा तू म्हणालीस, "मी बी दिवसभर एकटीच. म्या किती खाल्लं थे कधी पुसलं?" मला ते भांडण उकरणं वाटलं. आता घरी येऊन एकट्याने भात उतरवतो आणि तोच प्रश्न पातेल्यातून वर येतो.

सोनबाचं अजून ठरायचं आहे. तुला काही लिहायचं असेल तर लिही. नसेल तर राहू दे.

बंडोपंत


वर्धा,
३१ ऑक्टोबर १९५३

प्रिय यशोदा,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

दसऱ्यानंतर सोनबाची बायको सखू उंदरांच्या खोलीच्या दाराशी आली. आत ती कधीच येत नाही, तिला उंदरांची शिसारी आहे. खोली जाऊ देऊ नका म्हणून तिने हात जोडले आणि तिच्या काचेच्या बांगड्या वाजल्या. त्यासरशी तिसरी रांग उठली. सगळीच्या सगळी! पाय ओढत जाळीशी आले आणि मागच्या पायांवर उभे राहिले, नाकं वर करून. पहिली आणि दुसरी रांग ढिम्म झोपलेली. माझी खोड तुला ठाऊकच आहे, क्षणभर मला सखूचाच संशय आला. पण उंदीर उभे राहिलेले पाहून ती किंचाळून अंगणात पळाली. खाऊ घालणारी अशी पळत नाही.

घरी येऊन मी फडताळातल्या तुझ्या हिरव्या बांगड्या काढल्या, रुमालात बांधून खिशात टाकल्या. सकाळी पिंजऱ्यांसमोर जाऊन वाजवल्या. पुन्हा उठले. माझ्या हातात दाणा नव्हता, तरी उभेच. इतके दिवस मी त्यांना काट्यावर ठेवतो, पण माझ्या पावलांना एक कधी उठला नाही. मला तिथेच रडू आलं.

खरं सांगू? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या पोळीच्या तुकड्यांना सुंठेचा वास होता. पुरणात सुंठ तू घालतेस. वजनं घेऊन मी दुपारी कचेरीत जायचो, तेव्हा त्या खोलीत डबा सोडून बसलेली तूच असायचीस. मी जगावर संशय घेत सुटलो, कारण एका ठिकाणी खात्री होती. बायकोनं प्रयोग बुडवला म्हणून माझी नोकरी जाईल याची भीती वाटली, आणि सोनबा आयताच समोर होता.

मोतीलालजींना खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर बांगड्या वाजवल्या. उंदीर उठले, तसं मोतीलालजींनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बोट केलं.

"किसकी हैं?"

"मेरे घर की," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. पुरणाचं, आणि सोनबाचं नाव मीच पुढे केलं तेही.

सोनबा परत कामावर आला आहे. उंदरांच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून त्याच्या हाती दिली. मला घाणीच्या तेलाच्या दुकानावर बसायला सांगितलं आहे. दुकान वाईट नाही. सोनबाची माफी मागितली, तर तो म्हणाला, "चोर म्हनलं तुमी मले," आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. तो बोलेल तेव्हा बोलेल. मी रोज जाणार आहे.

तिसरी रांग प्रयोगातून बाद झाली. बाद म्हणजे पुढे काय करतात ते तू मला एकदा विचारलं होतंस, आणि मी विषय बदलला होता. या वेळी मी मोतीलालजींना म्हटलं, मी घरी नेतो. त्यांनी असं पाहिलं की माझ्या डोक्यात फरक पडला असा त्यांना संशय असावा. पण नेऊ दिले.

आता ते आपल्या स्वयंपाकघरात आहेत, तुझ्या धान्याच्या मोठ्या खोक्यावर जाळी ठोकून. सगळे एकत्र ठेवले. आधी एकमेकांवर फिसकारले, मग हुंगलं, चाटलं, आणि एकावर एक ढीग करून झोपले. अंबाडीची पानं घालतो, ज्वारी घालतो. केस येऊ लागले आहेत. बांगड्या वाजवल्या की उठतात आणि माझ्या हातून खातात. पण खाऊन झालं तरी उभेच राहतात आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतात.

मीही हल्ली जेवताना दाराकडे तोंड करून बसतो.

तू माहेरी बोलतेस तसं लिहितो, हसू नकोस. येजो.

तुझी वाट पाहणारा,
बंडोपंत