कुठेच नसलेली आयत

मंगळवार, संध्याकाळ. नजरबाद मोहल्ला.

छापखान्यातलं भंगारातून जुळवलेलं ऑफसेट मशीन, शिलाईची चौकट, कागद वाळवायची मांडणी, सगळं माझ्या हातचं. उर्दू अक्षरंसुद्धा लग्नपत्रिका छापता छापता मीच शिकलो. पण अरबीचा अर्थ कळत नाही, आणि तेच आज नडलं.

कुराणावरच्या प्रश्नोत्तरांची कन्नड पुस्तिका छापायला आलीय. उत्तरं सगळी एआयची. प्रूफ काढल्यावर सवयीनं कुराणातलं प्रत्येक वचन, प्रत्येक आयत, दिलेल्या क्रमांकावरून कुराणाच्या छापील भाषांतराशी ताडून पाहिली. एक सापडेना. एआयला विचारलं, तर माफी मागून दुसरा क्रमांक दिला. तिथेही ती नाही!

शेजारच्या रहमतचाचांना दाखवली. ते मशिदीत मुलांना कुराण शिकवतात.

"अशी आयतच नाही रे भावसारा."

"मग हे प्रूफ कुठे घालू? आयतीचा खराब कागद मी रद्दीत देत नाही, तुमच्याकडे पुरायला देतो."

चाचा हसले. "हा खुशाल रद्दीत घाल. पण पुस्तिका विकत घेणारी एखादी बाई हेच पान डोळ्यांना लावेल. तिला कोण सांगणार?"

गिऱ्हाइकाला फोन केला, चाचांकडून तपासून घ्या म्हटलं. "अय्यो सार, एवढं मोठं एआय चुकेल? तुम्ही फक्त छापा."

मी नाही छापलं तर दुसरा छापेल. ते पान डोळ्यांना लावणारी बाई कोण, कुठली, तिला गाठू तरी कसा?

दोन हजार प्रती, चाळीस हजार रुपये, सगळे आगाऊ देत होता. हे काम नको म्हटलं.