नावाची बुडी

१२ ऑक्टोबर १९६२, जबलपूर

शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो. कांचघर मोहल्ल्यात दोन खोल्या मिळाल्या. सत्यवती इतकी खूश, की चूल मांडण्याआधी तिने खिडकीला पडदा लावला. घरमालकीण अनसूयाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या. आपलीच माणसं आली म्हणून त्यांनी लगेच पोहे पाठवले.

आमच्या खोलीत जुन्या गोऱ्या भाडेकरूने सोडून दिलेलं मोठं तैलचित्र आहे. नदी, झाडी, न्हाणाऱ्या बाया. जवळून नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागे सरलं की पाणी हलतं. असं काम मला सात जन्मांत जमायचं नाही! अनसूयाबाई त्या नदीला नर्मदामाई समजून रोज उदबत्ती लावतात.

१६ ऑक्टोबर

सत्यवतीला ताप. अनसूयाबाई कार्तिकस्नानाला रोज पहाटे नर्मदेच्या ग्वारीघाटावर जातात. ज्याला जाता येत नाही, त्याच्या नावाने त्या एक बुडी मारतात. आज चित्रापुढे ओंजळीतून पाणी सोडून त्यांनी सत्यवतीच्या नावाने पौर्णिमेपर्यंतचा संकल्प केला. काहून चिंता करून राहिले भैया, माई आहे नं, म्हणाल्या. परक्या गावात एवढं कोण करतं? बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर

ताप उतरला. पण तिचे पाय गार. चित्रात काठाशी एक बाई घोटाभर पाण्यात उभी आहे. आधी माझ्या नजरेतून सुटली असावी.

२४ ऑक्टोबर

त्या बाईच्या कमरेला पाणी. सत्यवतीला कमरेखाली काही कळत नाही; तिने स्वतःच सुई टोचून पाहिली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. जेवलो, शाळेत गेलो, पोरांना आंबा काढायला शिकवला.

२८ ऑक्टोबर

काल अनसूयाबाईंना बरं नव्हतं, घाटावर गेल्या नाहीत. चित्रातली बाई जागची हलली नाही. आज गेल्या. पाणी छातीला. ती सत्यवतीच आहे.

चित्र जाळावं, तर तिच्यासकट जळेल. अनसूयाबाईंच्या पाया पडलो. संकल्प अर्धा टाकला तर माई कोपते, म्हणाल्या. फार तर नाव बदलता येईल. मी माझं दिलं.

२ नोव्हेंबर

सत्यवती चालते. अंगणात रांगोळी घातली. चित्रात ती नाही, एक पुरुष आहे. माझ्या पायात चपला आहेत का, ते मला आता वाकून बघावं लागतं. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती स्वतःचं नाव परत देईल.

७ नोव्हेंबर

पाणी माझ्या छातीला. दुखत नाही. आवाज निघत नाही. पौर्णिमा चार दिवसांवर आली आहे, तोवर हनुवटीपर्यंत येईल. हनुवटी चालेल. वाचेन—

८ नोव्हेंबर, पहाट

सत्यवतीने चित्रापुढे ओंजळ धरली. माझं नाव घेतलं. बाईंची रोज एक बुडी, आज माझ्या पाच, म्हणाली— लवकर बरे व्हाल— हसली— दाराशी चप्पल घालते आहे— ओरडलो, आवाज नाही— हा कागद तिला दाखवायचा— सत्या थांब, बुडी मारू न