आबा, तुमचं पडवीतलं इंग्रजी

प्रिय आबा,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहिणारी सून आपल्या कापडे गावात मी पहिलीच असेन. दोनदा पान फाडलं. पण आज हे पत्र लिहिल्याशिवाय घरातून निघायचं नाही असं ठरवलंय. साडेनऊच्या एसटीने पोलादपूरला चाललेय. त्याआधी तुमच्याजवळ एक कबूल करायचं आहे.

तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तो माझ्यामुळे.

ते पुढे सांगते. आधी जरा भांडू दे.

हा इंग्रजीचा उद्योग तुमचा. मुंबईत एकाच इमारतीत तीस वर्षं लिफ्ट चालवलीत, रिटायर होऊन गावी आलात आणि पडवीत वाल सोलत बसलात. एकदा मनूचं, माझ्या लेकीचं, व्याकरणाचं पुस्तक मी चोरून वाचत होते, ते तुम्ही बघितलंत. दुसरा सासरा असता तर म्हणाला असता, भाकरी करपली का बघ. तुम्ही विचारलंत, “सुनीता, दहावी करायची हाय का गो?” माझी शाळा नववीत सुटली हे लग्नाच्या बोलणीपासून तुमच्या लक्षात होतं. बाकीच्यांनी माझी उंची आणि रंग तेवढा लक्षात ठेवला होता.

मी म्हटलं, बाकीचे विषय निघतील, इंग्रजीची भीती वाटते. तुम्ही म्हणालात, “अर्धी तर मलाच येते. गोइंग अप, गोइंग डाऊन. उरलेली तू शिक.”

झाला क्लास सुरू. पहिला चालू वर्तमानकाळच, कारण तुमचं ‘गोइंग’ त्यात बसत होतं. मी चुलीपाशी, तुम्ही पडवीत, मधे कुडाची भिंत. तिकडून हाक यायची, “सुनीता, व्हॉट आर यू डुइंग?” इकडून मी, “आय ॲम कटिंग ओनियन.” वाक्य पुरं झालं की लिफ्टचा जाळीचा दरवाजा ओढल्यासारखा तुम्ही हात ओढायचात आणि म्हणायचात, “हां, चला.” मग पुढचं वाक्य. लावणीला गुडघाभर चिखलात उभी राहून मी म्हणायचे, आय ॲम प्लँटिंग राइस, आणि बांधावरून तुमचं, हां, चला. शेजारची काशीकाकी म्हणायची, “म्हातारा बरळायला लागला गो, डॉक्टरला दाखव.”

खरं सांगू? त्या इंग्रजीमुळे मी तुमच्याशी बोलायला लागले. त्याआधी इतकी वर्षं एका घरात राहून काय बोलले असेन? जेवण वाढलंय, चहा ठेवलाय. तेही दाराआडून, पदर सावरत. सासऱ्यापुढे मराठीत माझी जीभ टाळ्याला चिकटायची. इंग्रजीत मात्र ‘यू’ म्हटलं की झालं, तिथे कोण सासरा नि कोण सून! एकदा तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, काय करतेस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आय ॲम क्रायिंग.” त्या दिवशी ‘हां, चला’ आलं नाही. संध्याकाळी तुम्ही माझ्या भावाला फोन लावलात आणि दुसऱ्या दिवशी महाडपर्यंत सोबत येऊन मला माहेरच्या गाडीत बसवून दिलंत. मराठीत विचारलं असतंत तर मी कांदा झोंबला म्हणून सांगितलं असतं.

आणि त्याच इंग्रजीने माझा घात केला. ब्लडप्रेशरची गोळी तुम्ही पानाच्या डब्यात लपवायचात. मला दिसत होतं. मी भिंतीआडून म्हटलं, “आबा, यू आर नॉट टेकिंग मेडिसिन.” काय केलंत तुम्ही? मोठ्याने हसलात. “करेक्ट, दहापैकी दहा,” म्हणालात. गोळी डब्यातच राहिली. मीही हसले, कारण वाक्य बरोबर आलं होतं. असं का केलंत हो आबा? आणि मी तरी कशी भुलले? पडवीत येऊन, तुमच्यासमोर उभी राहून, गोळी घ्या नाहीतर ह्यांना मुंबईला फोन लावते, असं सरळ मराठीत बोलायला हवं होतं. तेवढा धीर मला झाला नाही. भाताची झोडणी चालू असताना एका दुपारी तुम्ही पडवीत कलंडलात ते उठलाच नाहीत. तो राग तुमच्यावर आहे की माझ्यावर, मला अजून कळत नाही.

आता कावळ्याचं. नदीवर पिंड ठेवले. झाडावर तीनचार कावळे होते, एक उतरेना. हे पुढे झाले, “आबा, पडवीचं छप्पर नीट करीन.” नाही. भावजी म्हणाले, “गणपती गावच्या घरातच बसवू, मुंबईला नेणार नाय.” नाही. तुमच्या लेकीने, ताईंनी, रडत रडत काय काय कबूल केलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. मी मागे बायकांत उभी होते आणि तुम्हाला काय हवंय ते मला पक्कं ठाऊक होतं. ‘मी दहावीला बसेन’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर सगळी भावकी. सासऱ्याच्या पिंडापुढे हिला शाळा आठवली, असं म्हणतील ना लोक? मी पदर तोंडाशी धरून गप्प राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. वाटेत काशीकाकी म्हणाली, “म्हाताऱ्याचा जीव कशात अडकला होता, देव जाणे.”

पुस्तक मनूच्या दप्तरात परत टाकलं. कांदा चिरताना अजून तोंडात यायचं, आय ॲम कटिंग, पण पडवीतून काही यायचं नाही. मग तेही थांबलं.

मागच्या आठवड्यात हे सुट्टी काढून आले आणि छपराला हात घातला. बोलले होते, ते करतायत. पडवी रिकामी करताना तुमचा पानाचा डबा निघाला. गोळ्या होत्याच, त्यांच्याखाली घडी केलेला कागद होता. तुमचं वाकडं अक्षर. ‘सतरा नंबर फॉर्म. शाळा सोडल्याचा दाखला. आधार. दोन फोटो.’ डोळे दाखवून येतो सांगून पोलादपूरला गेलात, ते बाहेरून दहावीला कसं बसायचं ते विचारायला शाळेत गेला होतात तर! माझ्यासाठी शाळेची पायरी चढलात, आणि स्वतःसाठी एक गोळी गिळली नाहीत. मी तिथेच कौलांच्या ढिगावर बसून रडले.

म्हणून आज सकाळी भात-वरण केलं. केळीच्या पानावर घेऊन अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं. हे वर कौलं लावत होते, काशीकाकी कळशी घेऊन चालली होती. मी मोठ्याने, मराठीत म्हटलं, “आबा, मी दहावीला बसणार हाय.”

ह्यांच्या हातातलं कौल हातातच राहिलं. काकीने कळशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, “एवढंच होतं होय? मग तेव्हा का नाय बोललीस गो?”

आबा, कोणी हसलंच नसतं हो.

तर शब्द देते. परीक्षेला बसेन. इंग्रजीत नापास झाले तर परत बसेन. आणि ह्या घरात कोणी औषध चुकवलं, तर समोर उभी राहून बोलेन, मग तो कोणी का असेना. दाखला, आधार, फोटो, सगळं पिशवीत घेतलंय, तुमच्या कागदासकट.

गडग्यावरचा भात कावळा खातो की कोंबडी, ते बघायला थांबत नाही. वळणावर हॉर्न वाजला. मी निघाले.

तुमची सून,
सुनीता