टाळीतली मोकळी जागा

सणसर,
रविवार

तीर्थरूप बाबांना वैदेहीचा वाकून नमस्कार.

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता, म्हणून पत्रच लिहिते. मी मजेत आहे. जेवण तिखटजाळ असतं, पण घरमालकीण साखरबाई माझ्यासाठी दह्याची वाटी बाजूला ठेवतात. वहिनीचा खोकला गेला का?

दुसरीच्या मुलांना तीनताल शिकवायला घेतला. दोन टाळ्या, मग खालीच्या मोकळ्या जागेला हात नुसता हवेत हलवायचा, मग पुन्हा टाळी. पण ही पोरं खालीलाही टाळी हाणायचीच! मी चिडले, तशी पहिल्या बाकावरची संस्कृती म्हणाली, "बाई, उसात रोप मरून नांगं पडलं की लगीच दुसरं रोप लावत्यात. मोकळं कसं सोडायचं?"

"मग पाटाची जागा का मोकळी ठेवता?"

"तितनं पाणी जातंय की!"

"तसं हितनं गाणं जातं," मी म्हटलं. माझ्या तोंडात आता 'हितनं' येतं, हसू नका.

काल गॅदरिंगला मुलं गायली. समोर सगळं गाव उत्साहानं खालीलाही टाळ्या पिटत होतं, आणि स्टेजवरची पोरं आईबापांकडे डोळे वटारून हात हलवत होती!

दादा सांगतो, नीट ऐकू येत नाही म्हणून तुम्ही भजनाला तबला वाजवणं सोडलंत. बाबा, हातावरची खाली तर कुणालाच ऐकू येत नाही. ती बघायचीच असते. गुरुवारी भजनाला जा. दादाला समोर बसवा, तो हातावर ताल दाखवील.

तुमचीच शिष्या,
वैदेही